मुक्कामी गाडीचा चालक

(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे दिलेले भाषण)



दिनांक १ जून १९४८ रोजी सकाळी पुण्याहून एक बसगाडी अहमदनगरकडे निघाली. लाकडी बांधणीची, काथ्याच्या बैठकींची ती तीस आसनी गाडी म्हणजे राज्य परिवहन सेवेची पहिली फेरी होय. चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे यांची नावे त्या फेरीशी कायमची जोडली गेली आहेत. वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव ही गावे मागे टाकीत गाडी शिरूरला आली आणि घोड नदी ओलांडून नगर जिल्ह्यात शिरली. तोपर्यंत प्रवासी वाहतूक खाजगी मोटारवाल्यांच्या हाती होती, आणि पुरेसे उतारू भरल्यावाचून त्यांच्या मोटारी सुटत नसत. उतारू एक असो वा तीस, गाडी ठरल्या वेळी सुटणारच, ही कल्पना त्या काळी नवी होती. पुढे चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, विजेवर चालणारी ‘शिवाई’ ही पहिली बस महामंडळाने याच रस्त्यावर आणली. नगरचे नाव त्यानंतर, २०२४ साली, अहिल्यानगर झाले. गाडीचे रूप पालटले, इंधन पालटले. ठरल्या वेळी सुटण्याचे वचन मात्र १९४८ सालचेच आहे.

हे वचन पाळतो कोण? वेळापत्रक आगारात तयार होते, हे खरे. परंतु पहाटे पावणेसहा वाजता, आगारापासून पस्तीस-चाळीस किलोमीटर दूर असलेल्या एखाद्या गावच्या पारापाशी, काळोखात इंजिन सुरू करणारा माणूस आगारातून आलेला नसतो. तो रात्री तेथेच मुक्कामाला राहिलेला असतो. आजच्या भाषणाचा विषय हा माणूस आहे. आणि त्याच्या दिवसापेक्षा त्याची रात्र हा अधिक आहे.

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व अंगाचे दोन तालुके. दोहोंमध्ये भीमा नदी. दोन्ही ठिकाणी राज्य परिवहनाचे आगार आहे, पण दोन्ही गावांचा स्वभाव निराळा. शिरूर, म्हणजे जुन्या माणसांच्या बोलण्यातील घोडनदी, हे रस्त्याचे गाव आहे. त्याची सारी भिस्त नगर रस्त्यावर. दौंड हे रेल्वेचे गाव. सोलापूर महामार्ग त्याला बगल देऊन दक्षिणेकडून जातो, आणि पाटस किंवा कुरकुंभ येथे वळून गाडीला दौंडला यावे लागते. कुरकुंभ मोरीपाशी होणाऱ्या कोंडीत दौंडकरांनी किती वर्षे घालविली, हे येथे सांगावयास नको. लोहमार्गाखालच्या त्या अरुंद वाटेतून बस काढणे ही चालकाच्या अंदाजाची परीक्षाच असे. शिरूर तालुक्याचा पाबळ-कान्हूर मेसाईकडील भाग कोरडा, तर न्हावरे, मांडवगण फराटा, इनामगावकडील पट्टा उसाचा. दौंडकडे राहू, पारगाव, केडगाव हा भीमाकाठही उसाचाच. रांजणगाव आणि कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती. या सर्वांना जोडणारे आतले रस्ते बहुतेक एकपदरी आहेत, आणि त्यांच्या टोकांना असलेल्या गावांना सकाळची पहिली गाडी हवी असते.

सकाळची पहिली गाडी म्हणजेच आदल्या रात्रीची शेवटची गाडी. सायंकाळी तालुक्याच्या गावाहून निघून ती टोकाच्या गावी जाते, तेथे रात्र काढते आणि पहाटे परत फिरते. तिच्यात कोण बसते याकडे एकदा लक्षपूर्वक पाहावे. महाविद्यालयात जाणारी मुले-मुली, पहिल्या पाळीचे कामगार, दौंडला रेल्वे गाठणारे प्रवासी, तहसील कचेरीत किंवा न्यायालयात तारखेला निघालेले शेतकरी, रुग्णालयात न्यावयाचा एखादा वृद्ध. यांतील बहुतेकांजवळ दुसरे साधन नसते. असते तर ते पहाटे उठून पारावर आले नसते. कोरोनाच्या टाळेबंदीत आणि पुढे २०२१-२२ मधील कर्मचाऱ्यांच्या दीर्घ संपाच्या काळात राज्यातील अनेक गावांच्या मुक्कामी गाड्या थांबल्या, आणि त्यांतील काही पुन्हा सुरू झाल्या नाहीत. गाडी गेली की सर्वांत आधी कोणाचे शिक्षण थांबते, हे सभेतील शिक्षक बंधु-भगिनी अधिक जाणतात. मुलगा दुचाकीवर बसून जातो. मुलगी घरी राहते. अहिल्याबाई होळकर योजनेखाली मुलींना मोफत पास मिळतो, २०२३ च्या मार्चपासून सर्व महिलांना निम्मे भाडे झाले; परंतु गाडीच नसेल तर पासाचे काय करावयाचे?

आता चालकाच्या कामाकडे वळू. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की, चक्र फिरवणे एवढेच ते काम. वास्तविक चालकाचा दिवस चक्राला हात लावण्यापूर्वी सुरू होतो. रेडिएटरचे पाणी, इंजिनाचे तेल, टायर, दिवे, पुसणी हे सारे पाहावयाचे. मग इंजिन सुरू करून ब्रेकसाठी लागणारी हवा भरेपर्यंत थांबावयाचे. हवेचा काटा ठरल्या खुणेवर आल्यावाचून जाणता चालक गाडी जागची हलवीत नाही. पारावरच्या मंडळींना मात्र हा वेळ नुसता वाया जात असल्यासारखा वाटतो, आणि ‘चला की हो ड्रायव्हरसाहेब, गाडी तापली आता!’ अशी हाक येते. त्यानंतर वाहकाची डबल बेल. एसटीच्या बोलीत वाहकाला ‘मास्तर’ म्हणतात; शाळेच्या मास्तरांनी याचा राग मानू नये, सुट्या पैशांचा हिशेब चुकला तर वाहकालाही रात्री बसून तो सोडवावा लागतो.

दहा लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर गेली, हा आकडा आगारात प्रत्येक चालकाच्या नावापुढे लागतो. त्याला तेथे ‘केपीटीएल’ म्हणतात. हा आकडा चांगला ठेवावयाचा, वेळही गाठावयाची, वाटेत हात दाखविणाऱ्या म्हातारीसाठी थांबावयाचेही, आणि गाडीला ओरखडा येऊ द्यावयाचा नाही. या चार गोष्टींचा मेळ रोज घालणे हे खरे कौशल्य. पंचवीस वर्षे विनाअपघात सेवा करणाऱ्या चालकाचा महामंडळ सपत्नीक सत्कार करते. पत्नीला सोबत बोलावण्याची ही प्रथा मोठी समंजस आहे. इतक्या वर्षांत किती रात्री तो घरी नव्हता, याचा हिशेब तिच्यापाशी असतो.

शहरातील बसचालकाचे काम निराळे असते. पुण्यात महानगरपालिकेची परिवहन सेवा १९५० साली सुरू झाली; २००७ साली पुणे आणि पिंपरी-चिंचवड येथील सेवा एकत्र होऊन पुणे महानगर परिवहन महामंडळ निर्माण झाले. त्या बसचा चालक काहीशे मीटरवर थांबतो, पुन्हा निघतो. दिवसातून किती वेळा क्लच दाबला याची गणती नसते. सिग्नल, दुचाक्या, फेरीवाले, धावत चढणारे उतारू यांत त्याचे डोळे क्षणभर विसावत नाहीत. कष्ट त्याचे कमी नाहीत. पण पाळी संपली की बहुधा तो स्वतःच्या अंथरुणावर निजतो. शिरूरहून पुण्यास जाणारा एसटीचा चालक वाघोलीपर्यंत महामार्गाचा चालक असतो आणि वाघोलीपासून शिवाजीनगरपर्यंत शहराचा; एकाच फेरीत दोन्ही धंदे त्याला करावे लागतात. २०२० साली मुंबईत लोकलगाड्या सर्वांसाठी खुल्या नव्हत्या, तेव्हा बेस्टच्या मदतीला राज्य परिवहनाच्या सुमारे एक हजार गाड्या गेल्या आणि ग्रामीण विभागांतील चालक मुंबईच्या रस्त्यांवर नगरबस चालवू लागले. अनोळखी रस्ते त्यांनी थोड्याच दिवसांत ओळखीचे केले. त्यांची तक्रार होती ती निवासाची आणि जेवणाची. ती वर्तमानपत्रांतूनही आली. चालकाला अवघड रस्ता नडत नाही, वाईट रात्र नडते, असे त्या अनुभवावरून म्हणता येते.

येथे कायद्याकडे पाहणे अगत्याचे आहे. मोटार परिवहन कामगार अधिनियम हा १९६१ सालचा; तो २०२५ च्या नोव्हेंबरपर्यंत लागू होता. दिवसाला आठ तास व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास हे कामाचे सामान्य प्रमाण त्यात होते. लांब पल्ल्यासाठी काही सवलत होती. सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती दिली पाहिजे, असेही त्यात म्हटले होते. आणि एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचे काम सुरू होईपर्यंत किमान सलग नऊ तासांची विश्रांती मिळाली पाहिजे, असे त्यात होते. कायदा करणाऱ्यांनी हे नऊ तास दयेपोटी घातलेले नाहीत. अर्धवट झोपेतला माणूस चाळीस-पन्नास जिवांचा भार घेऊन निघाला तर काय होते, हे ओळखून ते घातले आहेत.

आता मुक्कामाच्या गावी या नऊ तासांचे काय होते ते पाहावे. गाडी साडेआठला पोहोचते असे समजू. पहाटे पावणेसहाला निघावयाचे. म्हणजे सव्वानऊ तास. कागदावर कायदा पाळला गेला. साडेआठला उतारू उतरतात, गाडी वळवून उभी करावी लागते. वळणाच्या जागी कोणी कडब्याची गंजी रचलेली असते, कोणी ट्रॅक्टर लावलेला असतो. तो हलवेपर्यंत नऊ वाजतात. मग हातपाय धुण्यासाठी पाणी. सार्वजनिक नळाला या वेळी पाणी नसते. कोणाच्या तरी दारी जाऊन बादली मागावयाची. रोजच मागावयाची म्हटली की मागणाऱ्यालाही संकोच होतो. डबा घरचा असला तर सकाळचा असतो. नऊ-साडेनऊला जेवण होते, वाहकाचा हिशेब होतो आणि दोघे निजावयाची जागा शोधतात. कोठे देवळाचा सभामंडप, कोठे शाळेची पडवी, बहुधा गाडीतलेच बाक. पूर्वी गाडीच्या मागे शिडी असे, आणि उन्हाळ्यात चालक टपावर चादर पसरून निजत. नव्या गाड्यांना ती सोय उरलेली नाही. काचा लावल्या तर गुदमरते, उघडल्या तर डास. त्यातून लग्नसराईचे दिवस असले तर पारापाशी मांडव असतो आणि ध्वनिक्षेपक बाराच्या आत थांबत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकास मनाई करणारे नियम २००० सालापासून आहेत. ते मोडताना पन्नास पावलांवर उद्याच्या गाडीचा चालक निजला आहे, हे कोणाच्या ध्यानी येत नाही. पहाटे साडेचारला पहिला उतारू येऊन काचेवर टकटक करतो, ‘मामा, गाडी सहाचीच ना?’ असे विचारतो. बिचाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण झोप मोडली ती मोडली.

बेरीज केली तर सव्वानऊ तासांतून झोप पाच तासांची, तीही तुकड्या-तुकड्यांची. हा दोष एकट्या महामंडळावर टाकून मोकळे होणे सोपे आहे. महामंडळाने विश्रांतिगृहे बांधावीत, ती स्वच्छ ठेवावीत, ही मागणी रास्तच आहे. मोठ्या बसस्थानकांवर ती असतातही. परंतु टोकाच्या प्रत्येक गावी महामंडळ खोली बांधू शकणार नाही. तेथे यजमान गावच असते.

यात जीवाचा प्रश्न कसा आहे तेही सांगितले पाहिजे. शिरूर तालुक्याच्या बेट भागात, पिंपरखेड-जांबूत परिसरात, २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत दोन बालके आणि एक वृद्धा मृत्युमुखी पडली. ऊस वाढला की बिबट्याला आसरा मिळतो, हे त्या भागातील लहान मुलालाही आता ठाऊक आहे. अशा मुलखात मुक्कामी गाडीच्या चालक-वाहकांना पहाटे शौचासाठी कोठे जावे लागते? घराघरांत शौचालय झाले, गाव हागणदारीमुक्त म्हणून घोषित झाले. पण पाहुणा म्हणून आलेल्या या दोघांसाठी कुलूप न लावलेले एकही दार नसते. तेव्हा ते टॉर्च घेऊन उसाच्या कडेने जातात. त्याच काळोखात रस्त्याच्या कडेला शाळा-महाविद्यालयांची मुले गाडीची वाट पाहत उभी असतात. थांब्यावर एक दिवा असला तर दोघांचेही भागते.

दुसरा धोका रस्त्यावरचा, आणि तोही उसाचाच. गळिताचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस कारखान्यांकडे निघतो. ट्रॉलीच्या मागे दिवा नसतो. परावर्तक पट्टी असली तर ती लोंबणाऱ्या वाढ्यांनी झाकलेली असते. चाक निखळले की ट्रॉली भर रस्त्यात सोडून माणसे निघून जातात आणि मागेपुढे चार दगड मांडून ठेवतात. भीमाकाठच्या थंडीत पहाटे धुके उतरते. अशा वेळी समोर काळी भिंत दिसते ती दहा-पंधरा मीटरवर. पुरेशी झोप झालेला चालक त्या क्षणी ब्रेकवर पाय ठेवतो. न झालेल्याचा पाय अर्धा सेकंद उशिरा पोहोचतो. ताशी पन्नास किलोमीटर वेगाने गाडी अर्ध्या सेकंदात सात मीटर जाते. मुक्कामाच्या गावी रात्री मोडलेल्या झोपेची किंमत या सात मीटरांत चुकवावी लागते. ट्रॉलीला लावावयाची पट्टी काही रुपयांची असते. गावातील ट्रॅक्टरवाले सरपंचांना नावानिशी माहीत असतात.

पूर्वीची गावे याबाबत अधिक सुजाण होती, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. पूर्वीही कोठे भाकरी मिळे, कोठे पाणीही मिळत नसे. मात्र जेथे मुक्कामी गाडी वर्षानुवर्षे टिकली, तेथे बहुधा एखादे घर असे होते की, ज्याने गाडीवाल्यांची रात्र आपली मानली होती. ओसरीवर दोन चादरी, एक तांब्या, पहाटे चहा. त्या घरातील म्हातारी गेली, ओसरीच्या जागी स्लॅबचे घर आले, आणि व्यवस्था कोणाचीच उरली नाही. एका घराच्या भलेपणावर चाललेले काम आता ग्रामपंचायतीने उचलण्याची वेळ आली आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने दिवाबत्ती, पाणी, स्वच्छता ही कामे पंचायतीकडे सोपविली आहेत आणि त्यासाठी ग्रामनिधी आहे. समाजमंदिराची एखादी खोली, दाराला आतून कडी, दोन खाटा, जाळीची खिडकी, एक पंखा, जवळच्या शौचालयाची किल्ली आणि भरलेली टाकी. नवे बांधकाम बहुतेक गावांत करावयास नकोच. बंद पडलेल्या खोल्या सर्वत्र आहेत. गाडी वळविण्याची जागा मोकळी ठेवणे आणि रस्त्यावर झुकलेल्या बाभळी छाटणे यांना तर खर्चही नाही. वेड्या बाभळीची फांदी काचेवर आपटली की चालक नकळत गाडी मधोमध घेतो, आणि समोरून कोणी येत असतो.

२०२३ साली सासवड व सिन्नर येथून एसटीच्या पहिल्या महिला चालकांनी प्रवाशांनी भरलेल्या गाड्या नेल्या, ही वार्ता सर्वांनी कौतुकाने वाचली. वाहक म्हणून महिला त्यापूर्वीपासून काम करीत आहेत. उद्या मुक्कामी गाडीवर महिला असावी असे आपणांस वाटत असेल, तर देवळाचा मंडप आणि गाडीतले बाक यांच्या भरवशावर तिला पाठविता येणार नाही. खोलीचा प्रश्न तेथे येऊन थांबतो.

शिक्षकांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. मुले गाडीतील कर्मचाऱ्यांना ‘काका’ म्हणतात, पण चढताना धक्काबुक्की करतात, दारात लोंबकळतात. गाडी अनेक थांबे घेत येते म्हणून पाच-सात मिनिटे उशीर होतो आणि पहिल्या तासाला मुले बाहेर उभी राहतात. मग उद्या ती चालकाला घाई करतात. गाडीची खरी वेळ कोणती, हे मुख्याध्यापकांनी आगारात विचारून घ्यावे आणि पहिला तास तिच्याशी जुळवावा. वेळापत्रकात दहा मिनिटांचा फरक करणे शाळेला जमते, अरुंद रस्त्याला जमत नाही.

ग्रामसभांमध्ये मुक्कामी गाडी सुरू करावी, बंद झालेली पुन्हा यावी, असे ठराव होत असतात. ठरावात गावाची लोकसंख्या असते, विद्यार्थ्यांची संख्या असते, आमदार-खासदारांना प्रती असतात. ज्याने ती गाडी आणावयाची त्याने रात्र कोठे काढावी, याबद्दल एक ओळही नसते. आगार व्यवस्थापकापुढे असे अर्ज अनेक असतात, गाड्या थोड्या असतात, आणि चालक नाखुशीने कोणत्या गावी जातात हे त्याला पाळ्या लावताना पक्के ठाऊक असते. म्हणून यापुढे शिरूर किंवा दौंडच्या आगाराकडे ठराव पाठविताना खोली कोणती दिली आहे, पाण्याची व शौचालयाची व्यवस्था काय आहे, गाडी कोठे वळेल आणि खोलीची किल्ली कोणापाशी राहील, एवढे त्यात लिहावे. किल्ली बाळगणाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक ठरावाखाली द्यावा, आणि रात्री साडेआठला तो माणूस पारावर असावा.